एक्झॉस्ट फॅनचा दोष नव्हता

ऑपरेशननंतर बाबांनी पहिला शब्द उच्चारला तेव्हा आम्ही वायरमनला बोलावलं. तो शब्द आहे हे आम्हांला कळलं नाही, एवढंच. सकाळची वेळ होती. बाबा बाथरूममध्ये, आई ओट्यापाशी, मी ओट्याला टेकून कालचा पाव खात उभा, आणि भिंतीपलीकडून एकदम गूंऽऽ असा आवाज आला. जाड, खालचा, पोटातून आल्यासारखा. आई हातातलं पातेलं तसंच धरून थांबली. मीही चावायचं थांबलो. आमच्या घरात असा आवाज आला की कुणी घाबरत नाही, निदान करतं. आई म्हणाली, "गीझर." मी म्हणालो, "गीझर असा नाही बोलत. एक्झॉस्ट फॅन आहे. बेअरिंग गेलंय." "फॅनला एवढी छाती कुठली? गीझरच. कॉइल थरथरतेय." "आई, कॉइल थरथरली तर आवाज फुटका येतो. हा भरीव आहे." असं आमचं शास्त्रोक्त चाललेलं असताना आवाज थांबला, परत आला, परत थांबला. आईने दारावर थाप मारली. "अहो! आत कसला आवाज येतोय?" आतून उत्तर आलं. एक लांब, दोन आखूड. गूंऽऽ, गूं, गूं. "बघ," मी म्हणालो, "लोड घेतोय आणि सोडतोय." आई ओरडली, "अहो, कशाला हात लावू नका! आहात तसे बाहेर या! शॉक बसेल!" बाबा बाहेर आले. खांद्यावर टॉवेल, टॉवेलात गुंडाळलेला उजवा हात, गळ्याच्या भोकावर नेहमीची जाळी. त्यांनी आमच्याकडे पाहिलं. सगळ्या नोकरीत त्यांनी असं फक्त चुकीचा स्विच ओढणाऱ्या शिकाऊ माणसाकडे पाहिलं असेल. मग ते खिडकीपाशी खुर्चीत जाऊन बसले, आणि थोड्या वेळाने आलेल्या वायरमनने स्टुलावर चढून आमच्या एक्झॉस्ट फॅनची जाळी, पाती आणि अब्रू एकेक करून खाली उतरवली ते त्यांनी शांतपणे पाहिलं. एकदा त्यांचा हात वर आला होता. मग खाली गेला. वायरमन म्हणाला, "काका बरोबर सांगतायत, बेअरिंगच आहे." काकांनी काहीही सांगितलेलं नव्हतं. काकांना स्वरयंत्रच नव्हतं.

ते त्याच वर्षी काढलं होतं. गाठ स्वरयंत्राला अशी बिलगून बसली होती की एकीला बाहेर काढून दुसऱ्याला घरात ठेवणं शक्य नव्हतं, हे डॉक्टरांनी आम्हांला चित्र काढून समजावलं. चित्र फार वाईट होतं, मला तो पेरू वाटला, पण हात चांगला होता. बाबा आज जेवतात, चिडतात, माझ्या इस्त्रीला नाकं मुरडतात ही त्या हाताचीच कृपा. अजूनही रस्त्यात हिरवा झगा घातलेला कुणी दिसला की मी मनातल्या मनात हात जोडतो. त्यांतले बरेचसे रंगकाम करणारे निघतात. त्यांचेही आभार मानून ठेवतो, वाया जात नाहीत. तर, घरी सोडताना डॉक्टरांनी बाबांना एक यंत्र दिलं. छोट्या टॉर्चसारखं, पुढे काचेऐवजी चकती. हनुवटीखाली टेकवायचं, बटण दाबायचं, चकती थरथरते, ती थरथर तोंडात उतरते आणि आपण नुसते ओठ-जीभ हलवले की त्या थरथरीचे शब्द होतात. बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी आमच्यासमोर ते आपल्या गळ्याला लावून दाखवलं. तोंडाने हवा न सोडता त्या म्हणाल्या, "नमस्कार, आज हवा छान आहे," आणि तो आवाज एखाद्या डासाने बातम्या द्याव्यात तसा आला. मला हसू आलं. मी हसलो नाही. मी अशा वेळी खोकतो. बाबांनी माझ्या खोकल्याकडे पाहिलं, यंत्र हातात घेतलं, बटण न दाबता उलटसुलट करून बघितलं, आणि खिशात ठेवलं. घरी आल्यावर ते कपाटाच्या खणात गेलं. तिथे आमच्याकडच्या सगळ्या महागड्या आणि उपयुक्त वस्तू जातात आणि परत येत नाहीत.

आम्हांला निदान का करता येतं ते सांगितलं पाहिजे. मी शहराच्या कडेला, सबस्टेशनच्या कुंपणाला लागून असलेल्या क्वार्टर्समध्ये वाढलो. बाबा तिथे ऑपरेटर. शहर जिथे संपतं तिथे संपल्यासारखं दिसत नाही, दमल्यासारखं दिसतं. इमारती बुटक्या होतात, रस्त्याची कड ढासळते, आणि मग माळावरून ते मनोरे येताना दिसतात, हात पसरलेले, खांद्यांवरून तारा टाकलेले, पाय फाकवून उभे. लहानपणी मला वाटायचं की ते आपण झोपलो की एकेक पाऊल पुढे सरकतात, आणि एक दिवस शहरात येऊन रांगेत उभे राहतील आणि बसचं तिकीट मागतील. दमट सकाळी तारा चर्र चर्र करायच्या, कुणीतरी वर आकाशात काहीतरी बारीक आचेवर तळत असल्यासारख्या. कुंपणाच्या आत पांढरी खडी, खडीवर लोखंडाचं रान, तपकिरी चिनीमातीच्या बशांच्या उतरंडी, आणि मधोमध तो मोठा ट्रान्सफॉर्मर. करडा, पोटाला पाइपांच्या फासळ्या, डोक्यावर आडवी टाकी. तो गुणगुणायचा. गुणगुणायचा हा शब्द खरं तर फार हलका आहे. तो असायचा. भिंतीत, भांड्यात, दुधाच्या सायीवर, दातांच्या मुळाशी. आई त्याला सासूबाई म्हणायची. खरी सासू आईला मिळाली नव्हती, लग्नाच्या आधीच वारली होती. ती उणीव सरकारी खर्चाने भरून निघाली. "दिवसभर कुरकुर," आई म्हणायची, "आणि ह्यांच्यासमोर एक शब्द बोलायची सोय नाही त्यांच्याविरुद्ध." संध्याकाळी शहरात दिवे लागले की सासूबाईंचा आवाज जड व्हायचा, बाजूचे पंखे घरघरत सुरू व्हायचे. "आल्या अंगावर घेऊन सगळ्या गावाचं," आई म्हणायची, आणि त्यात थोडी मायाही असायची. आता, आईची सासू म्हणजे माझी आजी, हा हिशेब मी कुणाला न विचारता केला. शाळेत ‘माझी आजी’ निबंध लिहायला सांगितला तेव्हा मी लिहिलं की माझी आजी करड्या रंगाची आहे, तिच्या पोटात तेल आहे, ती उभ्या जागेवरून हलत नाही, तिच्या गळ्यात कवटीची पाटी आहे आणि तिच्याजवळ गेलं तर माणूस जागच्या जागी मरतो. पण ती सर्वांना प्रकाश देते. गुरुजींनी बाबांना शाळेत बोलावलं. बाबांनी निबंध वाचला आणि म्हणाले, "सगळं बरोबर आहे."

हे ते ओरडून म्हणाले. आम्ही सगळेच ओरडून बोलायचो. कॉलनीत गुपित नावाची गोष्टच नव्हती, कारण ते ओरडून सांगावं लागे. कुजबुज म्हणजे काय हे मला फार उशिरा, कॉलेजात, कळलं. एका मुलीला मी अगदी हळू आवाजात, फक्त तिला ऐकू जाईल अशा बेताने, माझ्या मनातलं सांगितलं, आणि बसच्या ड्रायव्हरने मागे वळून माझं अभिनंदन केलं. मुलगी पुढच्या थांब्यावर उतरली. तिचं घर तिथे नव्हतं. आई-बाबांचा संसार तर एका ठरलेल्या संवादावर उभा होता. बाबा ड्यूटीवरून घरी येत, बूट काढत, आई स्वयंपाकघरातून काहीतरी बोले. कधी दिवसभराचं, कधी एखाद्या शेजारणीचं, कधी नुसतंच. सासूबाईंच्या आवाजात ते बुडून जाई. बाबा विचारत, "काय म्हणतेस?" आणि आई ओरडे, "काही नाही!" झालं. रोज. "काय म्हणतेस?" "काही नाही!" मी लहान असताना ह्याला त्यांचं भांडण समजायचो. मोठा झाल्यावर मला संशय आला की हेच त्यांचं प्रेम असावं. कारण आई पुष्कळदा, बाबांना ऐकू जाणारच नाही इतक्या हळू, मुद्दाम, पाठ फिरवून बोलायची. त्यांनी विचारावं म्हणून.

बाबा निवृत्त झाले तसं क्वार्टर सुटलं आणि मी त्यांना शहरात माझ्या भाड्याच्या घरी आणलं. वरचा मजला, दुहेरी काचांच्या खिडक्या. जागा दाखवणाऱ्या एजंटाने "टाचणी पडली तरी ऐकू येईल" असं सांगितलं होतं, आणि मी खूश होऊन होकार दिला होता. पहिल्या सकाळी तिघंही भल्या पहाटे टक्क जागे होऊन पलंगावर बसलो होतो. कारण आमच्यात एक जुनी सवय आहे: आवाजाने झोप लागते, शांततेने मोडते. कॉलनीत सासूबाई गप्प झाल्या म्हणजे काहीतरी ट्रिप होऊन वीज गेलेली असायची. त्या शांततेला धार होती. सगळ्या क्वार्टर्सची दारं एकदम उघडायची, बायका गॅलरीत, आणि बाबा, शर्टाची बटणं लावत, चप्पल उलटसुलट, खडीवरून पळत. मग कुठेतरी धाडकन ब्रेकर बसल्याचा आवाज, दोन क्षण काहीच नाही, आणि मग हळूहळू, जमिनीतून वर येत, गूंऽऽ. आल्या. लोक आत जायचे. मला त्या गूंऽऽची इतकी खात्री होती की तिच्याबद्दल कुणाचे आभार मानायचे असतात हेही माहीत नव्हतं. नंतर, बाबांचं ऑपरेशन झाल्यावर, घरातली शांतता पुन्हा तशीच धारदार झाली. दारं उघडायला कॉलनी नव्हती. पळत जाऊन बसवायला ब्रेकर नव्हता. आई ओट्यापाशी पाठ फिरवून काहीतरी बोलायची, तेवढ्याच हळू, आणि थांबायची. तिच्या खांद्यांवरून कळायचं की ती थांबली आहे. टाचणी पडली तरी ऐकू येणाऱ्या त्या घरात तिचा शब्द न् शब्द ऐकू जायचा. "लसूण संपलाय." "त्या समोरच्या बाई आज दिसल्या नाहीत." कुणाला काही विचारायची गरजच नव्हती. मग ती खांदे सैल सोडून पुन्हा चिरायला लागायची.

मी ग्रंथालयात नोकरी करतो. लोकांना हळू बोला असं सांगायचं माझं काम आहे, आणि ते मी ओरडून करतो. त्यामुळे वाचक मला घाबरतात आणि शांतता राहते. वरिष्ठ समाधानी आहेत. तिथे दुपारी, कपाटांच्या दोन रांगांमध्ये उभा असताना, एकदा मी बाबांचा आवाज आठवायला गेलो आणि तो आला नाही. शब्द आले. "पाणी सोड," "दिवा घालव," "सगळं बरोबर आहे," सगळे आले, पण त्यांच्याखालचा आवाज आला नाही; त्या जागी आजीच आली. गूंऽऽ. मी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा आजी. हातात कुणाचं तरी शेतीवरचं पुस्तक होतं. माणसाचा आवाज असा जातो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. वाटायचं, निदान आपल्या डोक्यात तरी एक प्रत असेल. मग मला वाटलं की कदाचित मी बाबांचा नुसता आवाज कधी ऐकलेलाच नाही. नेहमी तो तिच्या मांडीवर बसून आला. हा विचार करता करता मला खोकला आला आणि एका वाचकाने मला शांत राहायला सांगितलं.

तर, फॅन काढल्याच्या दुसऱ्या दिवशी मी टॉवेल घडी करायला घेतला आणि त्यातून ते यंत्र माझ्या पायावर पडलं. उचलताना अंगठा बटणावर गेला. गूंऽऽ. डास नव्हता. बाजूला एक छोटं चक्र होतं, आवाज वर-खाली करायचं, ते बाबांनी फिरवत फिरवत थेट तळाशी नेलं होतं. तिथे, जिथे दात शिवशिवतात. स्वयंपाकघरातून आई ओरडली, "अरे, परत सुरू झालं बघ! त्या मेल्या वायरमनला बोलाव!" मी यंत्र हातात धरून तसाच उभा राहिलो. मला ती एक लांब आणि दोन आखूड आठवली. माणूस कित्येक महिने गप्प बसतो, दार लावून, नळ सोडून, एकट्याने धीर गोळा करतो, चक्र फिरवून आपल्या ओळखीचा आवाज शोधतो, पहिल्यांदा काहीतरी बोलतो, आणि दाराबाहेर त्याची बायको आणि मुलगा त्याच्या बेअरिंगवर चर्चा करतात. जगात दुसऱ्या कुठल्याही घरी हे झालं नसतं. दुसऱ्या घरी लोकांना वाटलं असतं, आत कुणीतरी कण्हतंय. मी आईला यंत्र दाखवलं. तिला समजायला क्षणभर लागला. मग ती स्टुलावर बसली, त्याच, वायरमनच्या, आणि म्हणाली, "आणि मी त्यांना म्हटलं शॉक बसेल." मग ती हसायला लागली. मग तिने पदराने, हो हसण्यामुळेच, डोळे पुसले. "पण काय रे म्हणत होते?" ते काही केल्या कळेना. बाबांना विचारलं तर त्यांनी हात हवेत झटकला. त्यांचं सगळं बोलणं आता हातावर आलं होतं: चुटकी म्हणजे इकडे या, टाळी म्हणजे पुरे, हात झटकणं म्हणजे गेलं उडत. मोबाइलवर लिहून दाखवा म्हटलं तर एका बोटाने "हो" लिहीपर्यंत विषय बदललेला असे, आणि ते "हो" भलत्याच गोष्टीला लागू होई. अशा रीतीने आमच्याकडे कारल्याची भाजी लागोपाठ आली.

बोलायला शिकवणाऱ्या बाई स्पष्टवक्त्या होत्या. पुढच्या भेटीला बाबांना बाहेर बसवून त्या मला म्हणाल्या, "हे बघा, यंत्र बिघडत नाही, माणूस थांबतो. आता नाही बोलले तर पुढे बोलणार नाहीत. जीभ विसरते. मग हातवारे पुरतात, मग तेही कमी होतात. मी पुष्कळ पाहिलेत." "त्यांना लाज वाटते," मी म्हणालो. "ओरडू नका," बाई म्हणाल्या. "लाज कसली?" मला सांगता येईना. बाबांना यंत्राची लाज नव्हती. यंत्रांत त्यांचा जन्म गेला. त्यांना लाज होती ती त्या शांततेची. आमच्या घरात बटण दाबलं की तो गुंजारव एकटा, उघडा, खोलीच्या मधोमध उभा राहायचा, आणि शब्द त्याच्या मागे लपायचे. कुणीही आधी आवाजच ऐकणार. मीही तेच केलं होतं. परतताना बसमध्ये बाबा खिडकीशी बसले होते आणि काच थरथरत होती. त्यांनी कपाळ काचेला टेकवलं होतं. मला वाटलं, झोपलेत.

ते झोपले नव्हते हे मला फ्रिजमुळे कळलं. आमचा फ्रिज जुना आहे, आधीच्या भाडेकरूने सोडून दिलेला. मध्येच घरघरायला लागतो, मध्येच अंग झाडून गप्प होतो. बाबा अलीकडे दुपारी आपली खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसायला लागले होते. आईला वाटलं गार लागतं म्हणून. एका दुपारी मी दारातून पाहिलं: फ्रिज सुरू झाला आणि बाबांचे ओठ हलायला लागले. यंत्र नाही, काही नाही, नुसते ओठ. सावकाश, एकेक अक्षर कोरल्यासारखे. फ्रिजने अंग झाडलं, ओठ थांबले. ते वाट बघत बसले. मीही दारात वाट बघत उभा राहिलो. फ्रिज पुन्हा सुरू झाला, ओठ पुन्हा सुरू. असा माझा बाप एका फ्रिजबरोबर गप्पा मारत होता आणि मला त्या फ्रिजचा, त्या आधीच्या भाडेकरूचा, त्याच्या आळसाचा, अतोनात पुळका आला. त्या माणसाचं नाव मला माहीत नाही. तो जिथे असेल तिथे त्याला नवा फ्रिज लाभो. माझ्या लक्षात इतकंच आलं की फ्रिज लहान आहे. मोठा हवा. मी आत जाऊन म्हणालो, "बाबा, रविवारी आईला सासूबाईंकडे न्यायचं म्हणतोय." बाबांनी टाळी वाजवायला हात उचलला, म्हणजे पुरे, पण टाळी वाजवली नाही.

रविवारी दुपारी आम्ही शेवटच्या थांब्यावर उतरलो. मी गुपचूप पिशवीत यंत्र ठेवलं होतं. उतरल्यावर चाचपून पाहिलं तर पिशवीत नव्हतं. बाबांकडे पाहिलं. ते कोटाच्या खिशात हात घालून, माळाकडे बघत, निवडणुकीला उभ्या असलेल्या माणसासारखे चालत होते. हवा ढगाळ होती, दमट. मनोरे होते तिथेच होते. शहरात शिरायचा बेत त्यांनी सोडलेला दिसत होता, उलट शहरच त्यांच्या पायाशी आलं होतं, नव्या इमारतींच्या गॅलऱ्यांतून त्यांच्याकडे टकमक बघत. वर तारा तळत होत्या. मग ते आलं. आधी तळव्यांना. मग गुडघ्यांत. आई एकदम थांबली, आणि तिने चपला काढल्यासारखं केलं, काढल्या नाहीत, नुसता पाय अर्धा बाहेर काढून परत घातला. क्वार्टर्स रिकामी होती. सगळं आता दुरून चालतं, इथे एक ऑपरेटर पुरतो. आमच्या दाराच्या चौकटीत गवत उगवलं होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आभाळ दिसत होतं, कारण छप्पर गेलं होतं. पण सासूबाई त्याच. रंग नवा दिला होता, थोड्या उजळल्या होत्या. कवटीची पाटी तीच. आई कुंपणाच्या जाळीला धरून ओरडली, "काय सासूबाई! बऱ्या आहात ना?" कित्येक महिन्यांत मी तिचा तो आवाज ऐकला नव्हता. घरात ती मोजून बोलायची. इथे ती एकदम तरणी झाली. मीही ओरडलो, "आजी!" सभोवार कुणी नव्हतं, असतं तरी ऐकू गेलं नसतं. गूंऽऽ. मला माझे दात ओळखीचे वाटायला लागले.

बाबा आमच्यापासून जरा लांब, जाळीच्या कोपऱ्यापाशी उभे होते, जिथून ते पूर्वी आत जायचे. त्यांनी खिशातून यंत्र काढलं. आमच्याकडे पाठ केली. हनुवटीखाली लावलं. मला वाटलं, बटण दाबलं नाही. मग लक्षात आलं की दाबलं आहे आणि दोन आवाज आहेत, जवळजवळ सारखे, एकमेकांवर आपटणारे: वाँव-वाँव-वाँव, जसे एका उंबऱ्यात दोन माणसं "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करतात. बाबांचा अंगठा चक्रावर होता. अगदी केसभर. वाँव, वाँव. आणखी केसभर. वाँऽऽव. वाँऽऽऽऽव. आणि मग ते आपटणं इतकं सावकाश झालं की श्वासासारखं वाटलं, आणि थांबलं. एकच आवाज उरला, तिचा. यंत्र दिसत होतं, बाबांच्या गळ्याला टेकलेलं, पण ऐकू येत नव्हतं. त्यांनी ओठ हलवले. काही नाही. पुन्हा हलवले. आईने माझं मनगट धरलं होतं, तिची नखं लागत होती, आणि मला भीती वाटत होती की फ्रिजसारखंच होईल, नुसते ओठ, आणि मग आम्ही बसने घरी जाऊ आणि टाळ्या-चुटक्यांनी म्हातारे होऊ.

तेवढ्यात कंट्रोल रूमचं दार उघडून ऑपरेटर धावत बाहेर आला. पूर्वी बाबांच्या हाताखाली शिकलेला, आता टक्कल पडलेला. हातात बॅटरी, भर दुपारी. "कोण आहे तिकडे? जाळीपासून लांब! काहीतरी वेगळा आवाज येत होता हो इकडून," तो ट्रान्सफॉर्मरकडे बघत, आमच्याकडे न बघता, ओरडत होता, "वाँव वाँव करत होता! पंख्याचं बेअरिंग गेलं की काय! कुणी हात लावला का कशाला?" मला त्याला मिठी मारावीशी वाटली. आमच्याच शाळेतला होता. आणि बाबांनी, वळून, त्याच्याकडे अगदी त्या दिवशी आमच्याकडे पाहिलं तसं पाहत, यंत्र हनुवटीला लावून, सावकाश, एक लांब, दोन आखूड:

"मी आहे."

आवाज यंत्रातून आला नाही, बाबांच्या तोंडातूनही नाही. तो त्या सगळ्या खडीतून, बशांतून, लोखंडातून आला, आणि तरी तो बाबांचा होता, पूर्ण, ओळखीचा, थोडा वैतागलेला. मला तो डोक्यात सापडला नव्हता, कारण तो इथे ठेवलेला होता. ऑपरेटर थबकला. "अरे! साहेब तुम्ही!" तो म्हणाला, जणू त्यात काहीच विशेष नाही, जणू बाबा कालच ड्यूटी संपवून गेले होते. "मग आधी नाही का सांगायचं? मी आत घाबरलो ना!" "सांगितलं," बाबा म्हणाले. "ह्यांनी फॅन काढला." ऑपरेटरला काही कळलं नाही, पण तो साहेबांचं म्हणणं म्हणून हसला, आणि चहा टाकतो म्हणून आत गेला. जाताना त्याने आजीच्या पंख्यांकडे एकदा संशयाने पाहिलं.

मी कुणाचे आभार मानावेत हे मला ठरवता येईना, म्हणून मी क्रमाने सुरुवात केली: पेरू काढणारे डॉक्टर, डासबाई, आधीचा भाडेकरू, तो निरपराध एक्झॉस्ट फॅन, कुठेतरी लांब वीज तयार करत बसणारी आणि ज्यांच्यामुळे ही बाई दिवसरात्र गुणगुणत राहते ती सगळी अनोळखी माणसं, शहरात आत्ता ह्या क्षणी दिवा, पंखा, मोटर काहीही चालू ठेवणारे सगळे, कारण त्यांच्या भारानेच तिला आवाज आहे. यादी लांबत चालली. आई केव्हा माझं मनगट सोडून पुढे गेली ते कळलं नाही. ती आमच्या जुन्या दारापाशी, गवतात, आमच्याकडे पाठ करून उभी होती. तिचे खांदे हलले. ती काहीतरी बोलली, लांबलचक काहीतरी, खूप दिवसांचं साठलेलं असावं, आणि अगदी हळू. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. मग ती थांबली.

बाबांनी हनुवटीखालचं यंत्र नीट केलं.

"काय म्हणतेस?"

आईने वळून पाहिलं नाही. तिने जाळीला धरलं, मान वर केली, आणि साऱ्या रिकाम्या कॉलनीला ऐकू जाईल अशी ओरडली:

"काही नाही!"